हप्ता आधी भरायचा की नंतर?

गेल्या एप्रिलमध्ये माझा पगार 20,500 रुपयांवरून 23,000 झाला. अंबडमधल्या एका छोट्या कारखान्यात मी हिशेबाचं काम करतो. संध्याकाळी घरी येताना दूध बाजारातून मिठाई आणली. अब्बांनी मधुमेह विसरून एक तुकडा तोंडात टाकला. आठवडाभराने ऑफिसातल्या साहेबांनी सहज सांगितलं, "आता तुमची ईएसआयसी बंद होणार हं."

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ईएसआयसी म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कायदा 1948 चा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. मर्यादेचा हा आकडा जानेवारी 2017 पासूनचा आहे. माझ्या पगारातून महिन्याला 154 रुपये जात होते. तेवढ्यात मी, बायको, दोन मुलं आणि माझ्यावर अवलंबून असलेले अब्बा, सगळ्यांचा इलाज होत होता. अब्बांच्या साखरेच्या गोळ्या सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयातून येत. 154 रुपयांचा मी कधी विचारच केला नव्हता. पगाराच्या चिठ्ठीवरची ती सगळ्यात लहान रक्कम.

मर्यादा ओलांडली तरी इलाज लगेच थांबत नाही. ऑक्टोबर ते मार्च या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढचा जुलै ते डिसेंबर हा काळ मिळतो. म्हणजे माझ्याकडे 31 डिसेंबर 2025 पर्यंत मुदत होती. त्याआधी ठरवायचं होतं, खासगी आरोग्य विमा घ्यायचा की नाही.

माहितीतल्या एका एजंटाला घरी बोलावलं. आम्हा चौघांसाठी 10 लाखांचं संरक्षण, वर्षाला 21,600. महिन्याला 1,800. त्याने वर एक आनंदाची बातमीही दिली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला आहे, नाहीतर हेच 25,488 झाले असते. तो गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. पगारवाढ 2,500. ईएसआयसीचे 154 वाचले, म्हणजे 2,654. त्यातून 1,800 गेले की उरले 854. ज्या वाढीची मिठाई वाटली, ती वाढ 854 रुपयांची होती.

अब्बांसाठी वेगळा आकडा आला. वय 69, मधुमेह जुना. वर्षाला 48,000, त्यातही प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा आणि मधुमेहाशी संबंधित आजारांसाठी तीन वर्षं थांबायचं. अब्बा बाजूलाच बसून ऐकत होते. म्हणाले, "मी तीन वर्षं आजारी पडायचं नाही आणि त्याला दीड लाख द्यायचे. हा धंदा आपण गॅरेजमध्ये केला असता तर गिऱ्हाइकाने मारलं असतं."

अब्बांचं द्वारकेजवळ गॅरेज होतं. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक आणि टेम्पो दुरुस्त केले. विम्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून पक्कं. त्यात व्याज आहे, जुगार आहे, आणि आजार देणारा आणि बरा करणारा अल्लाह आहे. मी एकदा म्हटलं, "मग स्कूटरचा विमा दरवर्षी काढता तो?" तर म्हणाले, "तो कायदा आहे. पोलीस पकडतो." यावर काय बोलणार?

पण माझ्या मनात त्यांच्या मतापेक्षा त्यांची एक वही होती.

एप्रिल 2021. नाशिकमध्ये ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. 21 तारखेला कथड्यातल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा बंद पडला आणि 22 रुग्ण गेले. आम्हाला ही बातमी कळली तेव्हा अम्मी दुसऱ्या एका खासगी रुग्णालयात प्राणवायूवरच होती. मी तेव्हा एका दुकानात कामाला होतो, ईएसआयसी नव्हती. रोज संध्याकाळी काउंटरवर पैसे भरायचे. सरकारने दर ठरवून दिले होते, अतिदक्षता विभागाचे दिवसाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. पण औषधं, तपासण्या वेगळ्या. अकरा दिवसांत 3,40,000 झाले. अम्मी राहिली नाही.

त्यातले 54,000 आमचे होते. बाकीचे 2,86,000 लोकांनी दिले. मामूंनी, खालूंनी, गॅरेजच्या शेजारच्या पंक्चरवाल्याने, अब्बांच्या एका मारवाडी गिऱ्हाइकाने, गल्लीतल्या बायकांच्या भिशीने. भिशीचा नंबर दुसऱ्या बाईचा होता, तिने तो आम्हाला दिला. कुणी 20,000 दिले, कुणी 500. अब्बांनी सगळं गॅरेजच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवलं. 31 नावं.

आमच्या समाजात लोक याचं फार कौतुक करतात, आणि ते कौतुक खरं आहे. आजारी माणसाला बघायला जायचं आणि निघताना उशीखाली पाकीट ठेवायचं, हा आमचा जुना विमा. त्याला अर्ज लागत नाही, प्रतीक्षा काळ नाही, दावा नाकारला जात नाही. पण त्या वहीतली एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. ज्या शेजाऱ्यांनी 20,000 दिले होते, त्यांची बायको दहा दिवसांनी आजारी पडली. त्यांना पैसे हवे होते आणि आमच्याकडे परत द्यायला काही नव्हतं. त्यांनी मागितलेही नाहीत. ते मागितले नाहीत हेच जास्त लागलं. त्या वाचल्या, अल्हमदुलिल्लाह. पण त्या आठवड्यात मी त्यांच्या दारावरून जायचं टाळत होतो. पलीकडच्या गल्लीतून फिरून जायचो.

अब्बांनी जून 2021 पासून नोव्हेंबर 2024 पर्यंत सगळे पैसे फेडले. कुणी "राहू द्या" म्हणालं तरी ऐकलं नाही. बेचाळीस महिने. मी भागाकार केला, महिन्याला साधारण 6,800. शेवटचं नाव खोडलं आणि महिन्याभरात गॅरेजची चावी दुसऱ्याच्या हातात दिली. हात थरथरायला लागले होते.

तेव्हा हप्ता आम्ही भरतच होतो. फक्त आजारानंतर भरत होतो, आणि 1,800 च्या जागी 6,800. मोहल्ल्याच्या मदतीत खोट नाही, तिचा परीघ लहान आहे. एका वेळी एक घर पडलं तर तीस घरं उचलतात. पण साथ येते तेव्हा तीसही घरं एकाच वेळी वाकतात. विमा कंपनीची मेहेरबानी काही नसते, तिचा परीघ मोठा असतो, इतकंच. नाशिकमध्ये आजारी पडलेल्याचे पैसे नागपूरच्या आणि कोचीच्या निरोगी माणसाच्या हप्त्यातून येतात.

हे अब्बांना सांगितलं तर ते गप्प बसले. मग म्हणाले, "मौलानांना विचार."

जुम्म्यानंतर मशिदीत विचारलं. मौलाना शांतपणे बोलले. ठरलेला हप्ता घेऊन नफ्यासाठी चालणारा विमा बहुसंख्य उलेमांना मान्य नाही. कारणं तीन, व्याज, अनिश्चिततेचा सौदा आणि जुगाराचा अंश. 1985 मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने तसाच ठराव केला आणि त्याऐवजी सहकारी विमा सुचवला. त्यालाच तकाफुल म्हणतात. सगळे मिळून निधी करतात, ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मदत. सुदानमध्ये 1979 पासून आणि मलेशियात 1984 च्या कायद्याने ते सुरू आहे. भारतात परवानाधारक तकाफुल कंपनी नाही. दुसरीकडे आपल्याच देशातल्या इस्लामिक फिकह अकादमीने 1992 मध्ये इथल्या दंगलींची परिस्थिती बघून जान-मालाच्या विम्याला गरजेपोटी सूट दिली. ती सूट इलाजाच्या खर्चाला लावायची का, यावर उलेमांत मतभेद आहेत. सरकारी योजनेबद्दल मात्र मौलानांना अडचण वाटत नव्हती. शेवटी म्हणाले, "गरज आहे का, हे तुमच्या घराला माहीत. गरजेपुरतंच घ्या. आणि खोटं लिहून घेऊ नका."

उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची हदीस आम्हा सगळ्यांना पाठ आहे. उंट कुठल्या दोरीने बांधायचा, वाद तिथे आहे. ज्या वाचकांना ही दोरीच नको वाटते त्यांचं मत मी खोडून काढायला बसलेलो नाही. माझ्या घराची गरज मी तपासायला घेतली, एवढंच सांगतो.

आधी सरकारी योजना बघितली, कारण ती फुकट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख मिळत. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झाले, 1,356 उपचार ठरले आणि पांढऱ्या रेशन कार्डासह सगळ्यांना ती खुली झाली. यादी पुढेही वाढवण्यात आली आहे. माझ्या मामूंची बायपास शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात झाली, पैसे लागले नाहीत. आमच्या लोकांत अजून समज आहे की ही योजना फक्त पिवळ्या कार्डाची. तसं नाही.

मग खासगी विम्याची गरज काय? योजनेचं दार मोठं आहे, पण ते ठरावीक ठिकाणीच उघडतं. रुग्णालय योजनेच्या यादीत हवं आणि आजार उपचारांच्या यादीत हवा. मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला, प्लेटलेट उतरल्या आणि जवळचं रुग्णालय यादीत नसेल, तर पाच लाखांचं कार्ड खिशात असून काउंटरवर पैसे मोजावे लागतात. आमच्या वडाळा नाक्याच्या बाजूला पावसाळ्यात डेंग्यू ही दरवर्षीची गोष्ट आहे.

योजनेसाठी आणखी एक काम करावं लागलं, ते तुम्हीही आजच करा. सगळ्यांची नावं जुळवून बघा. अब्बांच्या रेशन कार्डावर आडनाव 'शेख', आधारवर इंग्रजीतलं स्पेलिंग वेगळं, मतदार यादीत तिसरंच. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना आमची नावं दर टेबलावर थोडी बदलतात. एरवी आपण हसतो. रुग्णालयात दाखल करताना हसू येत नाही. मला दुरुस्तीसाठी तीन सुट्ट्या टाकाव्या लागल्या.

अब्बांचा प्रश्न वेगळ्या बाजूने सुटतो आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज आहे. त्यासाठी वय वंदना कार्ड काढतात. अब्बांचा खरा जन्म पावसाळ्यातला, पण शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गाला 1 जून लावला. आधारप्रमाणे ते 1 जून 2026 ला सत्तर पूर्ण करतील. 48,000 रुपयांचा विचार मी तिथेच सोडला. तोवर रेशन कार्डावरची योजना आहे.

राहिलो आम्ही चौघं. पर्याय होता 1,800 रुपये दरमहा बाजूला टाकायचे. वर्षाला 21,600, दहा वर्षांनी 2,16,000. विमा नियामकाच्या आकड्यांप्रमाणे 2023-24 मध्ये सरासरी दावा सुमारे 31,000 रुपयांचा होता. म्हणजे बहुतेक आजार दीड वर्षाच्या बचतीत बसतात. हे ऐकून बायको म्हणाली, "बहुतेक आजारांसाठी आपण कधी कुणाकडे हात पसरला? एकदाच पसरला." ती घरी शिलाई करते. हिशेब माझ्यापेक्षा तिला लवकर कळतो. 31,000 साठी विमा नको, 3,40,000 साठी हवा. सरासरीत बसणारा खर्च आपला, न झेपणारा दुसऱ्याचा.

मग आम्ही 10 लाखांची पॉलिसी सोडून 5 लाखांची साधी घेतली, वर्षाला 14,400. महिन्याला 1,200. एजंट जास्त रकमेचे फायदे सांगत होता. मी खोलीभाड्याचं कलम वाचायला मागितलं. खोलीची मर्यादा दिवसाला 5,000 असेल आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली, तर फक्त वरचे 3,000 जात नाहीत. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं असे खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. नातेवाइकांना दाखवायला मोठी खोली घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अर्ज भरताना खरी परीक्षा झाली. बायकोला चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. एजंट म्हणाला, "हे लिहू नका, भाभी. कोण बघतंय?" ती म्हणाली, "मग गोळी कोण खातंय?" आणि रकाना भरला. हप्ता थोडा वाढून 1,260 झाला आणि त्या आजारासाठी प्रतीक्षा लागली. नियामकाने ही प्रतीक्षा 2024 मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी निघाला की कंपनी हात वर करते, हे आम्ही शेजारच्या गल्लीत पाहिलं होतं. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सोडून दुसऱ्या कारणाने जुनं काही उकरता येत नाही, असाही नियम आहे. पण तो आधार घ्यायची वेळ का आणायची?

अब्बा आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. एजंट गेल्यावर सुनेला म्हणाले, "बरोबर लिहिलंस, बेटा." विम्याला त्यांनी हो म्हटलं नाही. आजही म्हणत नाहीत.

पॉलिसी 1 डिसेंबरला घेतली. नव्या पॉलिसीत अपघात सोडून पहिले 30 दिवस आजाराचा दावा चालत नाही. ते दिवस ईएसआयसी सुरू असतानाच संपले. ज्यांची ईएसआयसी सुटणार आहे त्यांनी शेवटच्या दिवसाची वाट बघू नये. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशा ठरावीक आजारांना दोन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ते वेगळं. पॉलिसीचे कागद हातात आल्यावर 30 दिवसांत नापसंत असल्यास परत करता येते. दावा अडला आणि कंपनीने तक्रार ऐकली नाही तर नाशिकसाठी विमा लोकपाल पुण्याला आहेत, तिथे वकील लागत नाही.

1,800 मधले उरलेले 540 वेगळे ठेवतो. ते अब्बांच्या हातात देतो. त्यांनी गॅरेजची जुनी वही काढली आहे. मागच्या पानांवर 31 नावं खोडलेली आहेत, त्यापुढचं पान कोरं होतं. तिथे आता गल्लीत कोण आजारी आहे त्याचं नाव आणि पाकिटातली रक्कम लिहिली जाते. पहिलं नाव त्याच शेजारणीचं आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. मी पाकीट घेऊन गेलो, सरळ गल्लीतून.

महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून 1,260 रुपये जातात. त्या दिवशी अजून टोचतं. किराणा तेवढ्याने कमी येतो आणि मुलीची शिकवणी आम्ही पुढे ढकलली आहे. वर्ष काहीही न होता गेलं तर हे पैसे गेले, परत मिळायचे नाहीत. मी दुआ करतो की ते जावेत.